पाणी वाळत घालणारे साडूभाऊ

नागपूरच्या उन्हाला शिव्या न देणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मे महिन्यात भर दुपारी, जेव्हा रस्त्यावरची कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर यायला तयार नसतात आणि कूलरच्या पुढ्यातली जागा सोडणाऱ्याला घरचे लोक वेडा समजतात, तेव्हा आमचे साडूभाऊ डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून मानेवाड्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर चढायचे. तिथे काचेचे चार पसरट ट्रे मांडायचे, त्यांत गढूळसं पाणी ओतायचे, वरून चिमूटभर पावडर भुरभुरायचे आणि शेजारी स्टूल टाकून घड्याळ लावून बसायचे. दर पंधरा मिनिटांनी चमचाभर पाणी काढून बाटलीत भरायचं, बाटलीला चिठ्ठी चिकटवायची, पुन्हा स्टुलावर बसायचं. गल्लीतल्या बायका पापड, कुरड्या, सरगुंडे वाळत घालतात आणि आमचे साडूभाऊ पाणी वाळत घालतात, अशी त्यांची ख्याती होती. समोरच्या काकूंनी पहिल्या वर्षी भीत भीत विचारलं होतं, "सर, वाळलं काय पाणी?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "पाणी नाही वाळवून राहिलो काकू. पाण्यातली दवाई मारून राहिलो." काकूंनी पापड आपल्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेले.

साडूभाऊ एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. शिकवून उरलेला सगळा वेळ, आणि ताईंच्या मते संसाराचाही सगळा वेळ, त्यांनी एका गोष्टीला वाहिला होता. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंची पत्नी. ती गोष्ट अशी, की आपण जी गोळी गिळतो ती सगळी काही अंगी लागत नाही. बरीचशी जशी आत जाते तशीच बाहेर पडते, आणि न्हाणीतून नालीत, नालीतून नाग नदीत जाते. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात घाण अडते, पण औषध अडतंच असं नाही. "माशाले बीपी आहे काय?" साडूभाऊ विचारायचे. आपण नाही म्हणायचो. "मंग तो काहून बीपीची गोळी खाऊन राहिला?" मी बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात रंगाई खात्यात आहे, त्यामुळे नदीचा विषय निघाला की मी तसाही खाली मान घालून बसतो.

त्यांचा इलाज म्हणजे ती पावडर. झिंक ऑक्साईड. घामोळ्यांच्या पांढऱ्या मलमात असतं तेच. ते पाण्यात टाकून उन्हात ठेवलं की उन्हाच्या जोरावर औषधाचे तुकडे करतं आणि स्वतः मात्र जसंच्या तसं राहतं. पण नुसतं झिंक आळशी. त्याला उन्हातला जरासाच भाग चालतो, बाकीचं सगळं ऊन वाया. मग त्यात किंचित लोखंड मिसळायचं, भट्टीत भाजायचं, म्हणजे ते साध्या उजेडातही कामाला लागतं. हे सगळं त्यांनी मला पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून समजावलं होतं. "नुसतं झिंक म्हणजे तर्रीशिवायचे पोहे. पोट भरते, पण माणसाले जाग येत नाही. लोखंड म्हणजे तर्री. पण प्रमाणात पाहिजे. जास्त झाली का पोहे बुडते." पोहेवाल्याने मान डोलावली. त्याला यात नवीन असं काही वाटलं नाही. ते प्रमाण शोधण्यात साडूभाऊंची वीस वर्षं गेली. लोखंड झालं, तांबं झालं, एकदा चांदी टाकून पाहायची लहर आली तेव्हा ताईंचं एक पैंजण आम्लात विरघळलं. चांदीने काही विशेष केलं नाही. उरलेलं एक पैंजण ताईंनी कपाटात ठेवलं आणि कोणी विचारलं की "दुसरं शास्त्रात गेलं" असं सांगू लागल्या. मिक्सरही असाच शास्त्रात गेला. ताईंनी त्याबद्दल कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. चटणी पाट्यावर वाटायला घेतली आणि म्हणाल्या, "चव बरी येते."

पण साडूभाऊंची खरी ओळख म्हणजे ब्लँक. हा त्यांचा देव. पावडर टाकलेलं पाणी उन्हात ठेवायचं तर शेजारी पावडर न टाकलेलं पाणीही ठेवायचं. तेच पाणी, तेच ऊन, तेवढाच वेळ, फक्त पावडर नाही. त्याला ते ब्लँक म्हणायचे. तो नसेल तर औषध पावडरीने गेलं की आपोआप गेलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. इथपर्यंत ठीक होतं. पण हा माणूस जगातल्या प्रत्येक गोष्टीचा ब्लँक मागायचा. माझ्या बायकोने एकदा केसांच्या नव्या तेलाची तारीफ केली, तर म्हणाले, "ब्लँक घेतला काय? अर्ध्या डोक्याले लाव, अर्ध्याले नको लावू." शेजारच्याने स्वयंपाकघराची दिशा बदलली आणि पोराला नोकरी लागली, तर ते पेढा हातात धरून विचारतात, "दिशा न बदलता लागली नसती काय?" शेजाऱ्याने पेढा परत मागितला नाही एवढंच. माझी बायको तशी तोंडाची फटकळ. एकदा सगळे जेवायला बसलो असताना ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या लग्नाचा ब्लँक घेतला होता काय तुम्ही?" आम्ही सगळे हसलो. ताईही पदर तोंडाला लावून हसल्या. साडूभाऊ मात्र घास हातात धरून विचारात पडले आणि म्हणाले, "नाही घेतला. राहून गेला."

माणसांकडे पाहण्याची त्यांची नजरही पाण्यावरूनच ठरलेली. लग्नात कोणी भेटलं की लोक तब्येत विचारतात, हे गोळ्या विचारतात. "बीपी का शुगर? किती वर्षं झाले? सकाळी घेता का संध्याकाळी?" समोरच्या माणसाला वाटायचं, किती आपुलकी! आपुलकी होतीच, पण ती त्याच्या खालच्या नालीपर्यंत पोचणारी होती. मौद्याला एका लग्नात वरपक्षाच्या आजोबांशी ते तासभर बोलले. आजोबा सात प्रकारच्या गोळ्या घेत होते. साडूभाऊ परतताना भारावलेले. "असा माणूस गावात असला का दुसरं काही लागत नाही गा," म्हणाले. आपल्या घरी त्यांनी न्हाणीघराचं आणि संडासाचं पाणी नालीत जाण्याआधी मागच्या अंगणातल्या एका निळ्या ड्रममध्ये अडवण्याची सोय केली होती. त्याचं तपशीलवार वर्णन मी करत नाही, ते मात्र जेवताना करायचे. पाहुण्यांनी ही बाजू वापरायची नाही, पुढच्या बाजूला दुसरी सोय आहे, अशी पाटी लावलेली होती. मी एकदा तापाची गोळी घेऊन चुकून मागच्या बाजूला गेलो. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुले ताप आला होता काय?" मी कबूल झालो. "सांगायचं ना. मले वाटलं नवीन काही सापडलं."

हा ड्रम म्हणजे त्यांचा जीव की प्राण, त्याला कारण होतं. कॉलेजातल्या स्वच्छ पाण्यात एक गोळी विरघळवून ती घालवायला त्यांना केव्हाच जमलं होतं. तसं ते सगळ्यांनाच जमतं. "प्रयोगशाळेतलं पाणी म्हणजे मुलगी पाहाले आलेला पोरगा," असं ते म्हणायचे. "खाली मान, गोड बोलणं. खरं पाणी म्हणजे तोच पोरगा लग्नानंतर." खऱ्या पाण्यात साबण, तेल, खरकटं, सगळं असतं, आणि पावडर त्यातच गुंतून बसते, औषधापर्यंत पोचतच नाही. त्यांची एकच इच्छा होती. फेब्रुवारीअखेर निवृत्त व्हायच्या आत एकदा तरी घरातलं खरं पाणी साफ करून दाखवायचं. आणि घरात रोज न चुकता गोळी घेणारं माणूस एकच होतं, ताई. रोज सकाळी सात वाजता बीपीची गोळी. ती गोळी अशी, की शरीर तिला फारसा हात लावत नाही. साडूभाऊंना ती फार आवडायची.

तेव्हा त्या घरात आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एक प्रसंग घडायचा. साडूभाऊ कॉलेजातल्या मशीनवर नमुने तपासून घरी येत. मशीनच्या पडद्यावर एक रेघ सरळ जाते, आणि औषध असेल तिथे टेकडीसारखी वर उठते. साडूभाऊ दारात चपला काढायचे, ताई आतून विचारायच्या, "गेली काय?" ते म्हणायचे, "नाही गेली. अर्धी बसून आहे." मग ते चहा न संपवता गच्चीवर जायचे. मी कितीतरी वेळा तिथे होतो. गोळी बसून राहायची ती पाण्यात, पण तिचा भार त्या माणसाच्या खांद्यांवर दिसायचा. ताई कपात उरलेल्या चहाकडे पाहत राहायच्या.

आणि दिवाळीनंतर एका संध्याकाळी गोळी गेली. पार गेली. टेकडीच्या जागी सपाट मैदान. साडूभाऊंनी मला कारखान्यात फोन केला, मशीनच्या खडखडाटात मला काही ऐकू येईना, तर ते दुसऱ्या दिवशी स्वतः बुटीबोरीला आले आणि गेटवरच्या पहारेकऱ्यालाही तो कागद दाखवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. डिसेंबरातल्या कोवळ्या उन्हात गेली. एक दिवस दिवसभर आभाळ होतं, गच्चीवर सावलीसुद्धा पडत नव्हती, त्या दिवशीही गेली! "पाहा लोखंडाची कमाल," साडूभाऊ म्हणाले, "आता त्याले उन्हाचीही गरज नाही." माझ्या मनात काहीतरी खुट्ट झालं. पण आयुष्यभर पाण्यात रंग सोडणाऱ्या माणसाने पाण्यातून औषध काढणाऱ्याला काय शिकवायचं? मी गप्प बसलो. आजही ते मला लागून आहे. कॉलेजने जानेवारीअखेर त्यांचं व्याख्यान ठेवलं, पत्रिका छापल्या. ताईंनी विचारायचं सोडून दिलं होतं. साडूभाऊंचा चेहराच सांगायचा. चहा संपायचा, वर आणखी अर्धा कप व्हायचा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ भाजता भाजता ताई गॅसपाशीच खाली कोसळल्या. साडूभाऊंनी आणि समोरच्या काकूंनी मिळून त्यांना रिक्षात घातलं, मी बुटीबोरीहून थेट रामदासपेठेतल्या दवाखान्यात पोचलो. बीपी भयंकर चढलं होतं, हृदयावर ताण आला होता. काय होईल ते सांगता येत नाही, असं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "गोळी केव्हापासून बंद आहे?"

"बंद नाही," साडूभाऊ म्हणाले. "रोज घेते. सकाळी सातला."

"बीपी पाहून तसं वाटत नाही सर."

"अहो मॅडम, माझ्याजवळ पुरावा आहे. दर आठवड्याचं पाणी तपासून राहिलो मी, त्याच्यात गोळी..." इथे ते थांबले.

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे झालं ते मला लिहिता येणार नाही. वाक्याचा उरलेला भाग त्यांच्या डोळ्यांसमोर सपाट मैदानासारखा पसरला होता. खाटेवरून ताई डोळे न उघडता म्हणाल्या, "दिवाळीपासून."

दोन दिवसांनी ताईंना नीट बोलता येऊ लागलं तेव्हा साडूभाऊंनी एवढंच विचारलं, "काहून वं?" ताई म्हणाल्या, "संध्याकाळी तुमचं तोंड पाहून राहिली होती मी. वीस वर्षं झाले. म्हटलं, मी घेतलीच नाही तं पाण्यात येईन कुठून? फेब्रुवारीपर्यंतचा तं प्रश्न होता. तुम्ही रिटायर झाले का मंग घेतली असती." पण साडूभाऊंमधल्या शास्त्रज्ञाला राहवेना. "पण मंग गोळ्या टाकल्या कुठं?" ताईंना या प्रश्नाचा रागच आला. "टाकीन कशी? नालीत टाकल्या असत्या तं तुमच्या मच्छ्यांनी खाल्ल्या असत्या ना. साखरेच्या डब्यामागं डबी आहे पाहा." मी घरी जाऊन पाहिलं. स्टीलच्या डबीत रोजची एक, अशा सगळ्या गोळ्या नीट ठेवलेल्या होत्या. वीस वर्षांत साडूभाऊंचं म्हणणं पुरतं पटलेलं माणूस शहरात एकच होतं, असं मला त्या डबीकडे पाहून वाटलं.

सगळ्या जगाकडे ब्लँक मागणाऱ्या या माणसाने ब्लँक घेतलाच नव्हता. मशीनवर आठवड्यातून दोनच पाळ्या मिळायच्या. एक पाळी वाचवायची म्हणून त्यांनी दिवाळीपासून ड्रममधलं पावडर न टाकलेलं कोरं पाणी तपासणं सोडून दिलं होतं. गोळी तीच, ड्रम तोच, बाई तीच, त्यात नवीन काय मोजायचं? साबणावर त्यांनी शंका घेतली, लोखंडावर घेतली, उन्हावर घेतली. ताईंवर घ्यावी असं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

व्याख्यान रद्द करा, असं मी सांगून पाहिलं. पत्नी दवाखान्यात आहे, कोणी काही बोललं नसतं, निकाल कागदावर तसाच राहिला असता आणि निवृत्तीच्या दिवशी शालीबरोबर त्याचाही सत्कार झाला असता. साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी मागच्या रांगेत बसलो होतो. प्राचार्यांनी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं बोलून घेतलं. मग साडूभाऊ उठले आणि म्हणाले, "माझा निकाल चूक आहे. मी ब्लँक घेतला नाही. नमुन्याच्या उगमात बदल झाला होता, तो मले समजला नाही. उगम सध्या रामदासपेठेत भरती आहे." एवढं बोलून ते खाली बसले. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकाने उगमाचं ठिकाण लिहून घेतलं. बाकी कोणाला काय करावं कळेना, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि समोसे आले.

त्या दिवशी त्यांना सोडायला मी मानेवाड्याला गेलो. ताईंचा दवाखान्यातला तो शेवटचा आठवडा होता. साडूभाऊंनी स्वतः चहा केला, दोन कप ओतले, आणि मग माझ्यासाठी तिसरा ओतला. दुसऱ्या कपाकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

ताई घरी आल्या. दहाएक दिवसांनी कारखान्यात माझा फोन वाजला. "आली गा!" पलीकडून साडूभाऊ ओरडत होते. "काय आली?" "गोळी! पाण्यात आली. टेकडी पाहा किती उंच आली!" वीस वर्षं जी पाण्यातून घालवण्यासाठी हा माणूस उन्हात करपला, ती पाण्यात आहे म्हणून त्याचा आवाज कापत होता. मी मशीनपासून दूर, गेटपाशी जाऊन डोळे पुसले. पहारेकऱ्याने विचारलं, "सर का काम हो गया क्या?" मी म्हटलं, हो गया.

आता साडूभाऊ निवृत्त आहेत. कॉलेजातलं मशीन गेलं. पावडरीच्या बरण्या त्यांनी एका विद्यार्थिनीला दिल्या. ती आता खऱ्या पाण्याशी झगडते आहे आणि फोन करून रडते, तेव्हा ते तिला "आधी उगमाची तब्येत विचार" असं सांगतात. निळ्या ड्रममध्ये कूलरचं पाणी भरतात. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळीच मी त्यांच्याकडे गेलो होतो. सात वाजले. साडूभाऊंनी गोळी आणि पाण्याचा पेला आणला, ताईंनी गोळी गिळली आणि शाळेतल्या पोरीसारखं तोंड उघडून जीभ दाखवली. साडूभाऊंनी चष्मा वर करून तपासलं. मी हसून म्हटलं, "एवढा अविश्वास बरा नव्हे साडूभाऊ. लग्नाला इतकी वर्षं झाली तुमच्या."

ते पेला ठेवायला आत गेले. मी मागोमाग गेलो. ओट्याशी उभे राहून, ताईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "तुझ्या बायकोनं एकदा विचारलं होतं ना मले, लग्नाचा ब्लँक घेतला काय म्हणून? घेतला गा. ती दवाखान्यात होती तेव्हा. तेच घर, तेच ऊन, तेवढाच वेळ. फक्त ती नाही." मग त्यांनी नळ सोडला आणि तो पेला उगाच दोनदा विसळला. "पुन्हा नाही घ्यायचा," म्हणाले.

आम्ही गच्चीवर गेलो. थंडीचं ऊन नुकतं येत होतं. काचेचे ट्रे तिथे आता नसतात. ताई हळूहळू जिने चढून वर आल्या, समोरच्या काकूंशी बोलल्या आणि येऊन साडूभाऊंच्या शेजारी बसल्या. स्टुलं आता दोन असतात.